एकटे राहतात त्यांच्याकडे शेवटी जायचं

रविवारी दुसरी मिस्सा सुटली की चर्चच्या मागच्या खोलीत आमची मीटिंग असते. खोली म्हणजे खरं तर स्टोअर रूमच, एका कोपऱ्यात नाताळच्या गोठ्याचे बांबू आणि पुठ्ठ्याच्या मेंढ्या, दुसऱ्या कोपऱ्यात सणाच्या मांडवाचे पडदे, मधे खुर्च्या आणि एक टेबल ज्याचा एक पाय आखूड आहे म्हणून त्याखाली जुनं गीतांचं पुस्तक सरकवलंय (फादरांना माहितीये, ते काही बोलत नाहीत). आम्ही सहा-सात जण असतो, फारच चांगला रविवार असेल तर नऊ. आधी प्रार्थना, मग कोणीतरी दोन पानं वाचतं, मग मागच्या मीटिंगचे मिनिट्स, मग आठवड्यात कोण कोणाच्या घरी जाऊन आलं ते, मग खजिनदाराचा हिशोब, आणि सगळ्यात शेवटी एक कापडी पिशवी फिरते.

या पिशवीबद्दल आधी सांगतो. प्रत्येकाने बंद मूठ आत घालायची आणि उघडी बाहेर काढायची. कोणी पाचशे टाकले, कोणी दहा टाकले, कोणी काहीच टाकलं नाही, कोणाला कळत नाही, आणि कळू नये अशीच पद्धत आहे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं, सात माणसांत कसलं आलंय सिक्रेट! मग मधे एकदा माझाच पगार दोन महिने अडकला, तेव्हा लागोपाठ चार-पाच रविवार मी रिकामी मूठ आत घातली आणि बाहेर काढली, आणि शेजारी बसलेल्या माणसालासुद्धा पत्ता लागला नाही. तेव्हापासून हसत नाही.

तर ही आमची संत विन्सेंट डी पॉल सोसायटी, गरजूंच्या घरी जाऊन मदत करणारी चर्चमधली संस्था. आमच्या वसईत बऱ्याच चर्चमध्ये आहे. चर्चमधल्या एका गटाला कॉन्फरन्स म्हणतात, आणि हे नाव ऐकून माझ्या ऑफिसमधल्या एकाने मला सिरीयसली विचारलं होतं की कॉन्फरन्स कुठल्या हॉटेलात असते आणि जेवण असतं का. जेवण नसतं. कधी कधी आमच्यातल्या एक सभासद, ज्यांना आम्ही बाई म्हणतो, त्या घरून केळ्याचे वेफर्स आणतात.

गेल्या वर्षी मी या कॉन्फरन्सचा अध्यक्ष झालो. निवडून आलो म्हणणं जरा जास्तच होईल. जुने अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे अंकल म्हणतो, त्यांची मुदत संपली होती. आमच्यात अध्यक्षाला तीन वर्षं मिळतात, फार तर अजून तीन, मग कितीही चांगला असला तरी उठायचं. फादर म्हणाले कोण तयार आहे, आणि एवढी शांतता पसरली की बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं तेपण ऐकू आलं. मी मोबाईल खिशात ठेवायला हात हलवला तो बहुतेक वर गेला असावा. असो.

अध्यक्ष झाल्या झाल्या मला वाटलं की आपलं काम म्हणजे पैसा गोळा करणे. चर्चच्या दारात डबा, सणाला स्टॉल, दुबईवाल्या आणि कॅनडावाल्या पोरांना व्हॉट्सअ‍ॅप. ते करावंच लागतं, नाही असं नाही. पण आमच्या कॉन्फरन्सने सगळ्यात मोठी माती खाल्ली ती पैसा कमी होता म्हणून नाही, पैसा आणि सामान भरपूर होतं तेव्हा खाल्ली. तोच किस्सा लिहायला बसलोय.

२०२० चा लॉकडाऊन. मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं आणि एप्रिलमध्ये मदतीचा नुसता पूर आला. आम्ही किट वाटत होतो, पॅरिशमधले (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतले) तरुण वेगळे वाटत होते, एक मंडळ वाटत होतं, नगरसेवकाची माणसं वाटत होती, आणि सगळे जात होते त्याच दोन गल्ल्यांमध्ये, कारण तिथे टेम्पो आत जातो. एका भाड्याच्या खोलीत मी स्वतः बघितलं, तांदळाच्या पाच पिशव्या एकावर एक, आणि ती ताई संकोचून म्हणाली, भाऊ, तेल असेल तर द्या, तांदूळ नको. आम्हाला आमच्या कामाचा केवढा अभिमान वाटत होता! फोटो काढले, ग्रुपवर टाकले, लोकांनी हात जोडलेले इमोजी पाठवले.

मे महिन्यात कळलं की त्याच गल्लीच्या मागे, बावखलाच्या (म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या) पलीकडे, एक म्हातारे गृहस्थ एकटे राहतात आणि ते तीन आठवडे चहा आणि बिस्किटांवर काढतायत. पैसे नव्हते असं नाही, थोडी पेन्शन होती. बँकेत जाता येत नव्हतं, गॅस संपला होता, गुडघ्यामुळे लाईनीत उभं राहता येत नव्हतं आणि साध्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप नसल्यामुळे ते आमच्या कुठल्याच लिस्टमध्ये नव्हते. आम्हाला दूधवाल्याने सांगितलं. ते वाचले, नीट आहेत, आता आमच्याशी वादही घालतात. (घरांचे तपशील मी इथे मुद्दाम बदलून लिहितोय. कोणाच्या घरी काय बघितलं ते बाहेर बोलायचं नाही हा आमचा नियम आहे आणि तो मी आधीच थोडा वाकवतोय.)

त्या रविवारी मीटिंग मोबाईलवर होती. अंकल बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हे आपल्याच माणसाला चारशे वर्षांपूर्वी झालं होतं, आणि त्यांनी शातियोंची गोष्ट सांगितली. मी आयुष्यभर २७ सप्टेंबरला संत विन्सेंटचा सण साजरा केला, पण ही गोष्ट मला माहीतच नव्हती.

१६१७ साल, ऑगस्ट महिना, फ्रान्समधलं शातियों नावाचं छोटं गाव. विन्सेंट डी पॉल तिथे नुकतेच पॅरिश प्रीस्ट म्हणून आले होते, वय छत्तीसच्या आसपास. रविवारी मिस्सेच्या तयारीत असताना कोणीतरी येऊन सांगितलं की गावाबाहेर एका घरात सगळेच आजारी पडलेत, एकमेकांना पाणी द्यायलाही कोणी उभं नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले तर रस्त्यात माणसंच माणसं, बाया टोपल्या घेऊन चाललेल्या, काही परत येताना सावलीला टेकलेल्या, जत्राच म्हणा ना. घरात पाव, मांस, सगळ्याचा ढीग. कोणीही म्हणालं असतं, वा, काय गाव आहे, देवाची कृपा. विन्सेंटना वेगळंच दिसलं. यातलं निम्मं उद्या नासणार आणि परवा त्या घरात परत काही नसणार. दया भरपूर आहे, तिला वळण नाही.

तीन दिवसांत त्यांनी गावातल्या बायकांना एकत्र बसवलं, पाळ्या ठरवल्या, आज ही, उद्या ती. मग त्याचे नियम लिहून काढले, बायकांनीच आपल्यातली प्रमुख निवडायची, पैसे कोणी ठेवायचे, हिशोब कोणाला द्यायचा, सगळं. १६१७ मध्ये! आमच्याकडे अजून पॅरिशच्या मीटिंगमध्ये चहा बायकांनी आणि भाषण पुरुषांनी असं असतं. (आमच्या सोसायटीनेही फार शहाणपणा दाखवला असं नाही. बायकांची सोसायटी १८५६ मध्ये इटलीत बोलोन्याला वेगळी सुरू झाली, आणि दोन्ही एकत्र व्हायला १९६७ उजाडलं. आज आमच्या खोलीतल्या सातपैकी चार बायका आहेत आणि त्या नसतील तर रविवारी आम्ही तिघं मेंढ्यांकडे बघत बसू.)

त्या नियमांत एक ओळ आहे जी मला सगळ्यात आवडते. जेवण नेल्यावर टेबल कसं मांडायचं, आजाऱ्याशी हसून बोलायचं, असं सगळं बारीक लिहिलंय, आणि मग सांगितलंय की ज्यांच्याजवळ घरात कोणीतरी आहे त्यांच्यापासून सुरुवात करा आणि जे एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटी जा, म्हणजे त्यांच्याजवळ जास्त वेळ बसता येईल.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उलटंच वाटलं, एकट्या माणसाकडे आधी जायला हवं ना! पण मग स्वतःचं आठवलं. आधीच्या घरातून निघताना नजर घड्याळावर, पुढे अजून चार घरं, मग खुर्चीच्या टोकावर बसायचं, पिशवी द्यायची, कसं काय बरं आहे ना, चला. शेवटच्या घरी मात्र पुढे जायला कुठलं घरच नसतं, त्यामुळे पाठ टेकून बसता येतं. हा विचार ज्याने केला त्याने नक्की स्वतः दारोदार पाय झिजवले असणार.

मी अध्यक्ष झाल्यावर नवीन काही केलं असेल तर एवढंच, भेटींची वही बदलली. आधी वहीत घरं रस्त्याच्या क्रमाने होती, म्हणजे स्टेशनकडून सुरू करून समुद्राकडे, रिक्षाचे पैसे वाचतात म्हणून. आता घरात माणसं किती त्या क्रमाने आहेत. रिक्षाचा खर्च वाढला, खजिनदार अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आता तुम्ही म्हणाल की मग ही सोसायटी विन्सेंटनी काढली का. नाही, ते १६६० मध्ये गेले, सोसायटी निघाली १८३३ मध्ये, पॅरिसमध्ये, आणि काढली कॉलेजच्या पोरांनी. तिथे इतिहासाच्या नावाखाली वाद घालायचा एक गट होता, त्याला कॉन्फरन्स म्हणायचे, आमच्या विचित्र नावाचं मूळ ते. चर्चच्या बाजूने बोलणाऱ्या पोरांना समोरून कोणीतरी सुनावलं, चर्चने पूर्वी काय केलं ते सोडा, तुम्ही आज गरिबांसाठी काय करताय? आदल्याच वर्षी शहरात कॉलरा येऊन गेलेला, गल्ल्याच्या गल्ल्या उद्ध्वस्त. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या पोराला ते लागलं. २३ एप्रिलला सहा विद्यार्थी आणि एक मोठा माणूस एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात जमले. ओझानामचा त्या दिवशी विसावा वाढदिवस होता.

आणि अध्यक्ष कोण झालं? ओझानाम नाही. तो मोठा माणूस, एमॅन्युएल बाय्यी, पेपर काढणारा, चाळिशीच्या आतबाहेरचा. ओझानाम पुढे उपाध्यक्ष झाला पण संपूर्ण सोसायटीचा अध्यक्ष तो कधीच झाला नाही. आज दीडशेच्या आसपास देशांत पसरलेली ही सोसायटी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ मध्ये ओझानामला धन्य (म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, आणि खुर्चीवर हा माणूस बसलाच नाही. मला हे कळलं तेव्हा मी आमच्या इथल्या काही संस्थांचा विचार केला, ज्यांच्या लेटरहेडवर तेच नाव माझ्या लहानपणापासून, पहिल्या कम्युनियनपासून आहे. नावं घेत नाही, मला याच गावात राहायचंय.

पण माझ्या मते खरी लीडर त्या दोघांतलं कोणीच नाही. या पोरांना गरीब कुठे राहतात तेच माहीत नव्हतं. बाय्यींनी त्यांना सिस्टर रोझली रांदू यांच्याकडे पाठवलं. ही नन तीसेक वर्षं मुफेतारच्या भागात काम करत होती, पॅरिसमधली अगदी खालची वस्ती. तिने पोरांना घरांची यादी दिली, पाव आणि कोळशाची कुपनं दिली आणि लोकांशी कसं वागायचं तेही शिकवलं. ती नसती तर ती पोरं चार आठवडे कविता लिहून घरी गेली असती. प्रत्येक पॅरिशमध्ये अशी एक बाई असते जिला माहीत असतं की कोणाची सून माहेरी गेली आणि कोणाचा गॅस संपला. आमच्याकडे दूधवाला निघाला.

ओझानाम पुढे सॉरबॉनमध्ये प्रोफेसर झाला, लग्न केलं, एक मुलगी झाली. तो काही मठात गेला नाही, आपल्यासारखा संसारी, फक्त दर आठवड्याला गरिबांच्या घरचे जिने चढायचा. त्याचे वडील डॉक्टर होते, गरिबांवर खूप उपचार करायचे, आणि १८३७ मध्ये पेशंट बघायला गेलेले असताना जिन्यावरून पडून गेले. हे मी बायकोला सांगायला नको होतं. आमची निम्मी घरं आता नालासोपाऱ्याला चार माळ्यांच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये आहेत आणि पावसाळ्यात त्या जिन्यांवर लाईट नसते. मी निघालो की ती म्हणते, कठडा धर. स्वतः ओझानाम चाळीस वर्षांचा असताना ८ सप्टेंबर १८५३ ला गेला. ८ सप्टेंबर म्हणजे मारियाचा जन्मदिवस, त्या आठवड्यात आमच्याकडचं अर्धं गाव वांद्र्याच्या मोत मावलीच्या (माऊंट मेरीच्या) जत्रेच्या गडबडीत असतं, त्यामुळे बिचाऱ्याची आठवण कोणालाच येत नाही.

नालासोपाऱ्यावरून आठवलं. तिथल्या आमच्या घरांतली बरीच माणसं आपल्या चर्चची नाहीत, चर्चचीच नाहीत. यूपीचं एक कुटुंब आहे, एक मुस्लिम विधवा ताई आहे. यावरून दरवर्षी कोणीतरी फादरांकडे जातंच, की आपल्या चर्चच्या डब्यातला पैसा आपल्या लोकांना नको का. मला या प्रश्नाचा राग येत नाही, डब्यात टाकणाऱ्याला विचारायचा हक्क आहे. पण सोसायटीच्या नियमात धर्म, जात बघायची नाही हे स्पष्ट आहे. आणि दुसऱ्या बाजूने जे संशय घेतात त्यांनाही तेच सांगतो, आम्ही जातो ते तांदूळ, औषधं, फी आणि गप्पा यासाठी, कोणाच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवायला नाही. त्या ताईच्या मुलाची बारावीची फी भरली तेव्हा पुढच्या ईदला शिरखुर्म्याचा डबा थेट आमच्या स्टोअर रूममध्ये आला. खजिनदाराने दोन वाट्या खाल्ल्या आणि प्रश्न तात्पुरता मिटला.

फोटोचं मात्र मिटलेलं नाही. ज्याने पैसे दिले त्याला फोटो हवा असतो, आणि त्याचंही चूक नाही, जमाना तसा आहे. एका देणगीदाराने सांगितलं, पंचवीस हजार देतो पण मुलांबरोबर बॅनर धरून फोटो पाहिजे. आम्ही मीटिंगमध्ये तासभर वाद घातला. पंचवीस हजार म्हणजे आमच्यासाठी लहान रक्कम नाही, सात-आठ घरांची बरीच औषधं. शेवटी नाही म्हणालो. खरं सांगू, मला अजून रात्री वाटतं की चुकलो का, कारण औषधं ती औषधं. परदेशातल्या कॉन्फरन्सशी जोडी जुळवून मदत मिळवायची पद्धत सोसायटीत आहे, पण २०२० मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खातं, आणि एका संस्थेने आलेला पैसा दुसरीला द्यायचा नाही, त्यामुळे मी तरी त्या वाटेकडे डोळे लावून बसत नाही. आमचा डबा, आमची पिशवी, आणि सणाला विकलेली सुकेळी.

अंकल आता साधे सभासद आहेत. मला भीती होती की ते मागे बसून प्रत्येक गोष्टीला ‘माझ्या वेळी’ करतील. पहिल्या रविवारी ते आले, माझ्या खुर्चीवर बसायला गेले, थांबले, हसले, आणि टेबलाच्या आखूड पायाच्या बाजूला जाऊन बसले. आता औषधांच्या जड पिशव्या तेच उचलतात, सत्तरी ओलांडल्यावर. मी नको म्हणालो तर म्हणाले, तू अध्यक्ष आहेस, तू वही धर.

आणि आता ती बंगल्यातली आजी. वसईत आता गरिबीचा पत्ता बदललाय. वाडी आहे, टुमदार घर आहे, मुलगा कॅनडात, मुलगी लंडनला, आणि आजी व्हरांड्यात एकटी. मी तिचं नाव वहीत घातलं तेव्हा खजिनदार उसळलाच, अरे ती आपल्याला देणगी देते! खरंय, देते, नाताळला पाच हजार. तरी वहीत आहे, आणि माझ्या क्रमाप्रमाणे सगळ्यात शेवटी.

आम्ही दोघं जातो, मी आणि बाई, कारण आमच्यात एकट्याने कोणाकडे जायचं नसतं. पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. आजी चहा ठेवते, साखर जास्त घालते, मुलाचा फोन यायची वेळ झाली की मोबाईल उशीला टेकवून ठेवते आणि तो नाही आला की आम्हाला तिकडचे वाजले किती ते विचारते. परवा बाईंनी तिला वाडीतल्या जुन्या पायरहाटाबद्दल (पायाने चालवायचा पाण्याचा रहाट) विचारलं तर तासभर थांबलीच नाही, कोण चालवायचं, पाणी कुठून कुठे जायचं, पानवेलीला किती लागायचं. निघताना फाटकापर्यंत आली आणि रुसल्यासारखं म्हणाली, तुम्ही सगळ्यांकडे जाता आणि माझ्याकडे शेवटी येता, मी काय एवढी नकोशी झाले का?

बाई काहीतरी सांगायला लागल्या होत्या. मी म्हणालो, आजी, या बाजूला रिक्षाच मिळत नाही हो लवकर.